उडालं का गं एखादं?

रात्रीचे साडेआठ वाजले की भिलाई-३ मधल्या एका दोन खोल्यांच्या घरातून पेंचच्या जंगलाकडे फोन लागायचा. रेंज मिळाली तर बोलणं, नाही तर दुसऱ्या दिवशी. पलीकडून आवाज आला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "उडालं का गं एखादं?"

२०२४ चा पावसाळा होता. जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरहून वीस गिधाडं महाराष्ट्रात आणली गेली होती. त्यातली पांढऱ्या पाठीची दहा ताडोबाला, लांब चोचीची दहा पेंचला. जंगलातच उभारलेल्या मोठ्या जाळीदार पिंजऱ्यांत त्यांना महिनोन्महिने ठेवलं होतं. इथली हवा, इथला पाऊस, इथलं आकाश त्यांच्या ओळखीचं व्हावं म्हणून. ऑगस्टमध्ये दारं उघडायची होती.

भिलाईची ही मुलगी वन्यजीवशास्त्र शिकलेली. मात्र आईला वाटायचं तसं तिचं काम पिंजऱ्याशी बसून गिधाडांना भरवण्याचं नव्हतं. सोडायच्या पक्ष्यांजवळ माणसानं जितकं कमी जावं तितकं चांगलं. माणसाला सरावलेलं गिधाड रानात टिकत नाही. त्यांना लाडाची नावंही नसतात, असतात ते नंबर. "निदान एखाद्याचं नाव ठेव, बाई," असं आईनं एकदा सुचवून पाहिलं होतं. "नाव ठेवलं की सोडवत नाही," एवढंच मुलगी म्हणाली. आई त्यावर बराच वेळ काही बोलली नाही. तिनंही एक मुलगी घरापासून लांब सोडलेलीच होती.

भिलाई म्हणजे पोरांना आयआयटीत धाडणारं गाव. गल्लीतली मुलं कुणी खरगपूरला, कुणी बंगळुरूला, कुणी थेट अमेरिकेत. हळदीकुंकवाला विषय निघालाच, तर आई सांगायची, "आमची वनखात्याच्या कामात असते." गिधाड हा शब्द ती टाळायची. आजी होती तोवर तर घरात या पक्ष्याचं नावही घेता येत नसे. घरावर गिधाड बसलं तर घर सोडावं, असं मानणाऱ्या पिढीतली ती. जटायूला हात जोडायचे, रामलीलेत त्याच्यासाठी डोळे पुसायचे, आणि कुणाला शिवी द्यायची तर गिधाड म्हणायचं. आपलं सगळ्यांचंच असं चालतं.

बाबांचं मात्र वेगळं. भंडारा जिल्ह्यातलं गाव सोडून ते रेल्वेत लागले आणि चरोद्याच्या मार्शलिंग यार्डात त्यांची सारी नोकरी गेली. मुंबई-हावडा मार्गावरचं हे प्रचंड यार्ड. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मालगाड्या इथे जुळतात, तुटतात. रुळांवर गुरं यायची, कापली जायची. बाबा सांगत, सकाळच्या पाळीला आलं की आभाळात आधी एक ठिपका दिसायचा. मग दोन, मग दहा. बघता बघता पन्नास-साठ गिधाडं उतरायची. धक्काबुक्की, पंखांची फडफड, नुसता कलकलाट! अर्ध्या तासात रुळाकाठी फक्त हाडांचा सांगाडा. ना वास, ना माशा.

"मग ती गेली कुठे?" लहानपणी मुलीनं विचारलं होतं.

बाबा म्हणाले होते, "काय माहीत. आम्हाला वाटलं, दुसऱ्या गावी गेली असतील."

हीच तर खरी गोष्ट. भिलाईला वाटलं रायपूरला गेली असतील, रायपूरला वाटलं बस्तरला. वाघ कमी झाला की बातमी होते. गिधाडं डोळ्यांदेखत नाहीशी झाली आणि कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही.

चुकल्यासारखं वाटलं ते मोजणाऱ्यांना. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली होती. साडेतीनशेच्या आसपास जोड्या! १९९६ मध्ये पुन्हा मोजायला गेले, तर निम्म्याहून कमी. झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडं, खाली मेलेली गिधाडं. पुढच्या मोजण्यांत देशाचं चित्र समोर आलं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात जेमतेम एक उरलं. लांब चोचीची शंभरात तीन.

आधी संशय रोगाचा होता. उलगडा २००४ मध्ये झाला. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांचा अभ्यास करून गुन्हेगार शोधून काढला. तो होता डायक्लोफिनॅक. आपण सांधेदुखीसाठी घेतो ते साधं दुखण्यावरचं औषध. ते गुरांना टोचलं जात होतं. औषध घेतल्यानंतर लवकरच ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचे आणि पक्षी मरे. शंभर मेलेल्या जनावरांत एखादं जरी असं असलं, तरी सगळी जात संपायला पुरे. कारण एका जनावरावर पन्नास गिधाडं जेवतात. शिवाय गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. पटकन मरायचं आणि सावकाश वाढायचं, हा हिशेब कधी जुळत नाही.

भारतानं २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तोवर पिंजोरला प्रजनन केंद्र सुरू झालं होतं. उरलीसुरली गिधाडं आणून, जोड्या लावून, एकेक अंडं जपून तिथे पिढी वाढवली गेली. तिथे वाढलेली पहिली आठ गिधाडं पिंजोरच्याच परिसरात मोकळी सोडली गेली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. पहिल्या अंड्यापासून पहिल्या भरारीपर्यंत इतकी वर्षं! आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अवं, इतक्या वेळात तर लेकरू मोठं होऊन लग्नाला येते."

पण पक्षी वाढवणं हा कामाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा या मुलीच्या वाट्याला आला होता. जिथे गिधाड सोडायचं, त्याच्या भोवतालचा शंभर किलोमीटरचा टापू त्याच्यासाठी निर्धोक हवा. गावोगावच्या गोठ्यांत आणि मेडिकलच्या दुकानांत कोणती सुई चालते, हे कुणी तरी बघायला हवं. ते सरळ विचारून कळत नाही. मग डोक्यावर ओढणी घेऊन, चपलेला शेण-माती लागलेली, अशी ती दुकानात जायची. "दादा, गाय बसून आहे, पाय सुजला. दुखण्यावरचं काही द्या ना." दुकानदार काय काढून देतो, ते नावासकट टिपून घ्यायचं. अशी पाहणी देशात पूर्वीही झाली होती. बंदीनंतर, २००७ ते २०१० या काळात अकरा राज्यांतली अडीचशेहून अधिक दुकानं तपासली, तेव्हा तीनातल्या एका दुकानात डायक्लोफिनॅक मिळत होतं. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या सर्रास गुरांना वापरल्या जात. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपीही तीन मिलिलिटरवर आणली गेली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक ही आणखी दोन औषधं गुरांसाठी बंद झाली.

गुरांना दुखतंय तर औषध द्यायचंच नाही का? द्यायचं ना! मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. जनावरालाही आराम पडतो. कोणती कुपी उचलायची, एवढाच प्रश्न. इतका साधा. निदान तिला तो साधा वाटायचा, त्या दिवाळीपर्यंत.

ऑगस्टमध्ये दारं उघडली आणि गिधाडं एकेक करून आभाळात गेली. पाठीवर ठावठिकाणा कळवणारं छोटंसं यंत्र घेऊन. दिवाळीला मुलगी घरी आली. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी बापलेक फिरायला म्हणून हायवेच्या बाजूनं गेले. रस्त्याकडेला एक गाय मरून पडली होती. ट्रकनं उडवली असावी. तिच्यावर अकरा कुत्री होती. बाबांनी मोजली. मोजायची सवय यार्डातली. मुलीनं हात धरून त्यांना दुसऱ्या बाजूला नेलं.

"गिधाडांची जागा यांनी घेतली बाबा," ती म्हणाली. मेलेलं जनावर पडून राहिलं की कुत्री वाढतात, कुत्र्यांबरोबर रेबीज येतो, सडक्या मांसातलं पाण्यात उतरतं. २०२४ मध्येच दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली असावीत. बाबा थांबले. "पाच लाख?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या ककांकडून हाक आली. छत्तीसगडीत काकांना कका म्हणतात. वस्तीच्या टोकाला त्यांचा गोठा. तीन म्हशी. मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून घरात त्यांचंच दूध. त्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस तापानं फणफणली होती. कास दगडासारखी टणक, हात लावू देईना. दगडी झाली होती. गुरांना सुई देणारा तरुण आला होता. त्यानं प्रतिजैविक दिलं आणि पेटीतून दुसरी कुपी काढली. मुलीनं ती हातात घेऊन वाचली. निमेसुलाइड.

गुजरातेत मेलेल्या गिधाडांच्या शरीरात याच औषधाचे अंश सापडले होते. पण त्या दिवशी, नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला, गुरांसाठी त्यावर बंदी नव्हती. तो तरुण कायद्याबाहेरचं काही करत नव्हता. तिच्या हातात कायदा नव्हता, नुसती विनंती होती.

"कका, ही सुई नको. दुसरी मागवू. मेलॉक्सिकॅम."

पेटीत ते नव्हतं. वस्तीतल्या दुकानात दिवाळीची सुट्टी. ककांनी एकदा म्हशीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. आणि त्यांच्या भाषेत शांतपणे विचारलं, "तोर गिधवा कहां हे, नोनी? मोर भैंसी तो इहें हे."

तुझं गिधाड कुठे आहे, पोरी? माझी म्हैस तर इथे आहे.

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं. दुकानदाराशी खोटं बोलून नावं टिपणं सोपं होतं. इथे समोर तिच्याच बालपणाला दूध पुरवणारा माणूस उभा होता, आणि जनावर कण्हत होतं. भिलाईच्या आभाळात गिधाड नव्हतं. वीस-पंचवीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. जो पाहुणा येण्याची चिन्हं नाहीत, त्याच्यासाठी ती दुसऱ्याच्या घरचं दुखणं लांबवत होती.

तेवढ्यात मागून स्कूटरला किक मारल्याचा आवाज आला. बाबा! कुणाला काही न विचारता ते पॉवर हाउसकडे निघाले होते. सणाचा दिवस, रस्त्यात गर्दी. सव्वा तासानं परतले. त्या सव्वा तासात कुणी कुणाशी बोललं नाही. कका म्हशीच्या अंगावर हात फिरवत बसले, मुलगी दारात उभी. तो तरुण मात्र गेला नाही, थांबला. औषध आलं, सुई दिली गेली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. म्हैस उठून चारा खाऊ लागली. पण चारातला एक सड कायमचा आटला. दगडीच्या जोरदार दुखण्यात असं पुष्कळदा होतं. दुखण्यावरची सुई ही की ती, यानं त्यात फरक पडत नाही. मुलीनं ककांना हे समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. शास्त्र तिच्या बाजूनं होतं, पण तो सव्वा तास तिचा होता. तो तिला कुणाच्या माथी मारता येत नव्हता.

"तुझ्या गिधाडापायी शेजार तुटेल," आई त्या रात्री म्हणाली. रागानं नव्हे, काळजीनं. त्या आठवड्यात दूध पाव लिटर कमी आलं. आईनं विचारलं नाही, ककांनी सांगितलं नाही.

मुलगी कामावर परतली. त्याच महिन्यात एक बातमी आली. ताडोबातून सोडलेलं पांढऱ्या पाठीचं एक गिधाड महाराष्ट्र, छत्तीसगड, गुजरात, कर्नाटक पालथं घालून तामिळनाडूत पोहोचलं होतं. सुमारे चार हजार किलोमीटर! तिनं फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी मधल्या एकाच शब्दावर तिला थांबवलं.

"छत्तीसगड म्हणालीस?"

"हो, बाबा."

"कोणत्या लाइनीनं गेलं?"

मुलगी हसली. रेल्वेच्या माणसाला वाट म्हणजे लाइनच. पण फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की ककांचा प्रश्न आता पूर्वीसारखा राहिला नव्हता. तुझं गिधाड कुठे आहे? ते कुठेही असू शकतं. पिंजऱ्याभोवती शंभर किलोमीटरचं वर्तुळ माणसानं आखलं. गिधाडाला ते कुणी दाखवलेलं नाही. सकाळी हवा तापली की पंख पसरून ते वर चढतं आणि खाली जिथे मेलेलं जनावर दिसेल तिथे उतरतं. तो गोठा पेंचचा की भिलाई-३ चा, हे त्याला कुठून कळणार? त्यानं उतरण्याआधीच त्या गोठ्यात योग्य सुई दिलेली असायला हवी. पाहुणा येऊन पोहोचल्यावर घर झाडायला घ्यायचं म्हटलं, तर उशीर झालेला असतो.

हे सगळं गोड शेवटाकडे जाणारं आहे, असं मुळीच नाही. सोडलेला प्रत्येक पक्षी जगत नाही. विजेच्या तारा आहेत, उपासमार आहे, रानात वाढलेल्या पक्ष्याला आईबापांकडून मिळणारं शहाणपण पिंजऱ्यातल्याला मिळालेलं नाही. पडद्यावरचा ठिपका एकाच जागी थांबला की तिच्या पोटात गोळा येतो. कधी तो पक्षी नुसता पोट भरून बसलेला असतो. कधी तसं नसतं. अशा रात्री आईचा फोन आला की ती म्हणते, "आज नको आई, उद्या बोलू." आई समजते. पुढच्या वर्षी पिंजोरहून आणखी गिधाडं आली, त्यात मेळघाटचीही भर पडली. म्हणजे काळजी करायला आणखी नंबर.

डिसेंबर २०२४ संपता संपता केंद्र सरकारची अधिसूचना निघाली. जनावरांसाठी निमेसुलाइड बंद. बाबांनी ती बातमी पेपरातून कापली आणि चहाला आलेल्या ककांच्या हातात ठेवली. ककांनी ती लांब धरून वाचली, घडी केली, खिशात घातली. बोलले काहीच नाहीत. बाबांनीही विषय वाढवला नाही. दोघं पुढे धानाच्या भावावर बोलत बसले.

उन्हाळ्यात ककांची एक पारडी गोठ्याच्या पायरीवरून घसरली. पाय सुजला. तोच तरुण आला, पेटी उघडली, कुपी काढली. बाबा तेव्हा तिथेच होते. ककांनी त्याचा हात धरला आणि विचारलं, "एमा गिधवा तो नइ मरय?" यानं गिधाड तर नाही ना मरणार?

तरुण हसला. कुपीवरचं नाव त्यानं त्यांच्यापुढे धरलं. मेलॉक्सिकॅम होतं.

"नाही तर ती पोरगी परत येऊन दारात उभी राहील," कका बाबांना म्हणाले. सणासुदीला पुन्हा सव्वा तास तशी उभी राहिलेली त्यांना परवडणार नव्हती.

बाबांनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मुलगी पेंचच्या बाजूच्या एका गावातून परतत होती. तिनं गाडी थांबवायला लावली आणि त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. मग ते तिनं आपल्या वहीत, दुकानांच्या नावांखाली लिहून ठेवलं.

हल्ली सकाळी दहा-अकराच्या सुमारास, ऊन चढायला लागलं की बाबा गच्चीवर जातात. गिधाडं याच वेळी वर चढतात, हे त्यांना मुलीनं सांगितलं आहे. घारी दिसतात, पुष्कळ. बाबा त्या मोजतात. एखादा ठिपका फारच उंच आणि फारच सावकाश फिरताना दिसला की खाली हाक मारतात. आई कणकेचे हात तसेच घेऊन जिना चढते, पदर डोळ्यांवर धरून बघते आणि म्हणते, "घारच आहे ती."

रात्री साडेआठला फोन लागतो. मुलगी विचारते, "जेवलात का?" आणि मग, "काही दिसलं का?"

"नाही," बाबा सांगतात. "उद्या बघू."